मोशन सेन्सर कुठे आणि कसे लावावेत? (भोंगा उगाच वाजतो, हवा तेव्हा वाजत नाही)

अनुराधा_क

घरात नुकतीच अलार्म सिस्टिम बसवून घेतली. दारा-खिडक्यांच्या मॅग्नेटिक कॉन्टॅक्टबद्दल (दार उघडलं की कळवणारे चुंबकाचे स्विच) काही तक्रार नाही. त्रास आहे तो मोशन सेन्सरचा. सगळे वायर्ड पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड, म्हणजे अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारे) आहेत.

हॉलमधला सेन्सर पश्चिमेच्या मोठ्या खिडकीच्या बरोबर समोर आहे. घर बंद करून बाहेर पडलो की दुपार कलल्यावर भोंगा सुरू होतो. वरच्या मजल्यावर लांब, अरुंद पॅसेज आहे, त्याच्या टोकाच्या भिंतीवर दुसरा. तिथे उलटा प्रकार! जिन्यातून माणूस वर आला, अर्धा पॅसेज चालून आला, तरी सेन्सरचा दिवा लागत नाही. तिसरा मागच्या खोलीत. तिथे ऊन येत नाही, पंखा बंद असतो, दार बंद असतं, तरीही रात्री मधूनच वाजतो. चौथा अभ्यासिकेत आहे, तो ठीक चालतो. घरात एक मांजर आहे, पण रात्री ती आमच्या खोलीत असते.

ज्यांनी बसवलं त्यांना बोलावलं तर त्यांनी सगळ्या सेन्सरची सेन्सिटिव्हिटी कमी करून दिली. हॉलचा त्रास थोडा कमी झाला, पॅसेजचा वाढला. घरातले आता म्हणतात की अलार्म लावूच नकोस. मला ते पटत नाही. नीट बसवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे समजून घ्यायचं आहे.

तारवाला

अनुराधाताई, हे काम मी बरीच वर्षं करतो आहे. तुमची शेवटची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. उगाच वाजणाऱ्या अलार्मचा खरा तोटा हाच, की कंटाळून माणसं तो लावायचंच सोडतात. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हा सेन्सर काय 'बघतो' ते पाहू. पीआयआरला माणूस दिसत नाही, हालचालही थेट दिसत नाही. प्रत्येक वस्तूतून तिच्या तापमानाप्रमाणे इन्फ्रारेड किरणं बाहेर पडतात. माणसाच्या अंगातून निघणाऱ्या किरणांची तरंगलांबी साधारण १० मायक्रोमीटरच्या आसपास सगळ्यात तीव्र असते आणि सेन्सरपुढची फिल्टरची काच ८ ते १४ मायक्रोमीटरचा पट्टा तेवढा आत सोडते. आत पायरोइलेक्ट्रिक (तापमान बदललं की विजेचा सिग्नल देणाऱ्या) पदार्थाचे दोन तुकडे एकमेकांच्या उलट जोडलेले असतात. दोन्हींवर एकदम सारखीच उष्णता पडली तर परिणाम शून्य. आधी एकावर, मग दुसऱ्यावर पडली तरच सिग्नल तयार होतो.

आता बाहेरची पांढरी, रेघारेघांची प्लास्टिकची लेन्स. ही फ्रेनेल लेन्स. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेलने ती दीपगृहांसाठी तयार केली होती, १८२३ मध्ये फ्रान्समधल्या कॉर्दुआं दीपगृहात ती पहिल्यांदा बसली. आपल्या सेन्सरमध्ये अशा छोट्या छोट्या लेन्स शेजारी शेजारी असतात आणि त्या खोलीचे बरेच पट्टे पाडतात, पंजाची बोटं पसरावीत तसे. मध्ये रिकाम्या फटी असतात. गरम शरीर एका पट्ट्यातून फटीत, फटीतून दुसऱ्या पट्ट्यात गेलं की आतल्या तुकड्यांवरची उष्णता वरखाली होते आणि सेन्सर जागा होतो.

तुमच्या पॅसेजचं कोडं इथेच सुटतं. टोकाच्या भिंतीवर सेन्सर, आणि माणूस सरळ त्याच्याच दिशेने चालत येतो. म्हणजे तो एकाच पट्ट्याच्या आतून येतोय, पट्टे ओलांडत नाही. सगळ्या पीआयआरची ही कमजोर बाजू आहे. त्यात सेन्सिटिव्हिटी कमी केल्यावर अजून उशीर होणारच. तो सेन्सर जिन्याच्या तोंडाशी बाजूच्या भिंतीवर आणा, म्हणजे वर येणारा माणूस त्याच्यासमोरून आडवा जाईल. नाहीतर छतावर बसणारा ३६० अंशाचा सेन्सर तिथे लावा.

हॉलचा सेन्सर उलट्या जागी आहे. तो खिडकीच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात जायला हवा, पाठ खिडकीकडे, तोंड खोलीकडे.

मागच्या खोलीबद्दल एक शंका आहे. सेन्सरची वायर भिंतीतल्या पाइपातून येते का? आणि तो पाइप वर कुठे उघडतो?

रानवारा

छान समजावलंत. पण एक पटलं नाही. चोर खिडकीतूनच येणार ना? मग सेन्सर खिडकीकडे तोंड करून असला तर तो लवकर पकडला जाईल असं मला वाटत होतं.

तारवाला

रानवारा, असं वाटणं साहजिक आहे, पण तीन गोष्टी आड येतात.

एक, खिडकीच्या साध्या काचेतून ८ ते १४ मायक्रोमीटरची किरणं आरपार जात नाहीत. त्यामुळे काचेबाहेर उभा असलेला माणूस पीआयआरला दिसतच नाही. खिडकी राखायचं काम कॉन्टॅक्टचं आणि काच फुटल्याचा आवाज ओळखणाऱ्या सेन्सरचं.

दोन, सूर्यप्रकाशातला बराचसा भाग काचेतून आत येतो. तो पडद्यावर, फरशीवर, सोफ्यावर पडतो आणि त्या वस्तू तापतात. ढग आला की थोड्या निवतात, ढग गेला की पुन्हा तापतात. सेन्सरच्या नजरेत एक मोठा पृष्ठभाग भराभर आपलं तापमान बदलतोय. थेट ऊन लेन्सवर पडणं तर त्याहून वाईट. सेन्सरच्या कागदावर पांढऱ्या प्रकाशाला किती लक्सपर्यंत दाद देत नाही ते लिहिलेलं असतं, त्या आकड्यालाही मर्यादा आहे.

तीन, खिडकीतून आत उतरलेला माणूस समोरच्या भिंतीवरच्या सेन्सरकडे सरळच चालत येईल. म्हणजे पॅसेजसारखीच गत. खिडकीच्या कोपऱ्यातून आत बघणाऱ्या सेन्सरसमोर तोच माणूस आडवा जातो.

जागा ठरवताना मी घरमालकाला विचारतो की चोर एकदा आत शिरला तर तो कुठून कुठे जाईल? जिना, पॅसेज, कपाट असलेली खोली. या वाटा ज्या ठिकाणी एकत्र येतात तिथे सेन्सर हवा. प्रत्येक खोलीत एकेक लावण्यापेक्षा अशा दोन-तीन जागा पक्क्या करणं चांगलं.

मिलिंद_ज

माझ्या घरी पल्स काउंट ३ वर ठेवलाय, शांत आहे. अनुराधाताईंनी तोच उपाय करावा. एवढी तोडफोड कशाला?

तारवाला

मिलिंद, तुमच्याकडे शांत असेल, पण कधीतरी वॉक टेस्ट करून बघा, म्हणजे खोलीत चालून सेन्सरचा दिवा कुठे लागतो ते तपासा. पल्स काउंट ३ म्हणजे तेवढे सिग्नल मिळाल्याशिवाय सेन्सर कबूल करणार नाही. लहान खोलीत, दार आणि कपाट यांत चार पावलांचं अंतर असेल तर काम उरकल्यावर भोंगा वाजेल. चुकीच्या जागी लावलेल्या सेन्सरला बहिरं करून शांतता मिळते, सुरक्षा मिळत नाही. माझं मत ठाम आहे: आधी जागा बदला, मग भोवतालच्या गोष्टी सुधारा, सेटिंगला हात सगळ्यात शेवटी. जागा बदलणं शक्यच नसेल तर पल्स काउंट वाढवणं हा पर्याय ठेवायला हरकत नाही, पण त्याने मूळ दोष जात नाही.

अनुराधा_क

पाइपाबद्दल विचारलंत म्हणून मागच्या खोलीतला सेन्सर उघडायला गेले, तर झाकण काढताक्षणी भोंगा वाजला! अलार्म तर बंद होता.

तारवाला

ते टॅम्पर. झाकण उघडलं किंवा वायर तोडली तर कळावं म्हणून तो स्विच २४ तास जागा असतो. आधी पॅनेल (सगळे सेन्सर जिथे जोडलेले असतात तो अलार्मचा मुख्य डबा) सर्व्हिस किंवा टेस्ट मोडमध्ये घ्या, मग उघडा. आतल्या त्या काळ्या चौकोनी काचेच्या चकतीला बोट लावू नका, बोटाचं तेल बसलं की किरणं अडतात.

अनुराधा_क

उघडलं. वायर पाइपातून येते आणि पाइप वर फॉल्स सीलिंगच्या पोकळीत उघडाच आहे. हात लावला तर गार हवा सरळ सेन्सरच्या आत येत होती. पाठीमागचं प्लास्टिकचं भोकही वायरच्या चौपट मोठं फोडलंय. आणि आत कोळ्याचं जाळं.

तारवाला

सापडलं. वाऱ्याची झुळूक पोकळीतून पाइपात, पाइपातून सेन्सरच्या पोटात. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार किंवा गरम असली की ती थेट पायरो तुकड्यांवरचं तापमान बदलते. लेन्समधून काही आत यायची गरजच नाही. त्यात कोळी आत फिरत असला तर तो इतका जवळ असतो की त्याचा आकार सेन्सरला माणसाएवढा भासू शकतो.

पाइपाचं तोंड आणि सेन्सरचं मागचं भोक, दोन्ही सिलिकॉनने बंद करा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, त्यातलं आम्ल तांब्याला आणि सर्किटला बाधतं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, आणि माझ्या अनुभवात 'विनाकारण' वाजणाऱ्या सेन्सरमागे हे कारण फार वेळा निघतं.

मनीमाऊ

मांजरवाल्यांसाठी विचारते. पेट इम्यून (पाळीव प्राण्यांमुळे न वाजणाऱ्या) सेन्सरवर २५ किलो लिहिलंय. आमची दोन्ही मांजरं मिळून त्याच्या निम्मीही नाहीत. मग निर्धास्त राहायचं का?

तारवाला

नाही. सेन्सर वजन करत नाही. त्या लेन्सचे खालचे पट्टे काढलेले किंवा कमजोर केलेले असतात, किंवा आतलं सर्किट लहान सिग्नल सोडून देतं. ते सगळं गणित प्राणी जमिनीवर आहे असं धरून केलेलं असतं. मांजर सोफ्याच्या पाठीवर किंवा कपाटावर चढलं की ते माणसाच्या छातीच्या उंचीवर आलं, आणि सेन्सरच्या जवळही आलं. त्यामुळे पेट इम्यून सेन्सर कागदावर दिलेल्या उंचीवरच आणि सरळच लावायचा, खाली झुकवायचा नाही, आणि त्याच्यासमोर मांजराला चढायला जिना, फडताळ, उंच टेबल असं काही ठेवायचं नाही. ते जमत नसेल तर त्या खोलीत मोशन सेन्सर लावू नका, दारा-खिडक्यांच्या कॉन्टॅक्टवर भर द्या.

रानवारा

उंचीचा विषय निघालाच आहे तर, जितका उंच तितका चांगला असं नसतं का? छताला टेकवून लावलेले पाहिले आहेत.

तारवाला

बहुतेक घरगुती पीआयआर २.१ ते २.४ मीटर उंचीसाठी बनवलेले असतात. काहींना थोडी जास्त चालते, आपल्या मॉडेलचा कागद बघायचा. पट्ट्यांचे कोन त्या उंचीसाठी ठरलेले असतात. तीन मीटरवर लावला तर पट्टे भलत्याच अंतरावर जमिनीला टेकतात आणि जवळच्या भागात फटी रुंद होतात. खूप खाली लावला तर लांबचा पल्ला जातो, फर्निचर आड येतं, आणि कोणीही हात लावू शकतं.

भिंतीला टेकवून कोपऱ्यात लावणं उत्तम, स्पिरिट लेव्हलने बघून. फिरता ब्रॅकेट गरजेपुरताच वापरा. दोन अंशांचा फरकही दहा-बारा मीटरवर बराच मोठा होतो. आणि सेन्सरच्या बरोबर खाली भिंतीला चिकटून सरपटत येणारा सापडावा म्हणून काही लेन्सना खाली बघणारा वेगळा पट्टा असतो. ब्रॅकेटवर वाकवला की तो पट्टा भिंतीवर किंवा जमिनीच्या भलत्याच तुकड्यावर जातो.

टाळायच्या जागा: एसी किंवा हीटरच्या झोतासमोर, चुलीच्या बाजूला, बाथरूममध्ये, थेट पंख्याखाली लोंबणाऱ्या पडद्यासमोर. ऑफिसात लेझर प्रिंटरसमोर नको, तापलेला कागद बाहेर येतो. मुलांच्या वाढदिवसाचे हीलियमचे फुगे रात्री खोलीत तरंगत राहिले आणि अलार्म वाजला, हेही होतं.

साधा_माणूस

मी स्वतः वायरिंग करतोय. सेन्सरमध्ये प्लस, मायनस, दोन एनसी, दोन टॅम्पर असे सहा स्क्रू आहेत. पॅनेलसोबत रेझिस्टर आलेत. ते पॅनेलच्या आतच लावले तर चालेल का? सोपं पडतंय.

तारवाला

चालेल, म्हणजे पॅनेल तक्रार करणार नाही. पण रेझिस्टरचा उपयोगच संपेल. नावच एंड ऑफ लाइन आहे. रेझिस्टर वायरच्या सेन्सरकडच्या टोकाला असेल तर पॅनेलला वायरीतून ठराविक रोध दिसत राहतो. मध्येच कोणी वायर तोडली तर रोध अनंत होतो, दोन तारा एकत्र जोडल्या तर शून्य होतो, दोन्ही पॅनेलला कळतं. रेझिस्टर पॅनेलमध्ये असेल तर बाहेर तारा शॉर्ट केलेल्या कळतच नाहीत: एनसी म्हणजे शांत असताना बंद असलेला संपर्क, आणि शॉर्ट झालेली वायर पॅनेलला तशीच 'सगळं ठीक' दिसते. किती ओहमचा लावायचा ते पॅनेल ठरवतं. एका कंपनीचे रेझिस्टर दुसऱ्या पॅनेलला चालतीलच असं नाही. डबल एंड ऑफ लाइनची सोय असेल तर दोन रेझिस्टर लावून अलार्म आणि टॅम्पर एकाच जोडीवर वेगवेगळे ओळखता येतात. तेच करा.

व्होल्टेजचंही बघा. अलार्मच्या बारीक केबलमध्ये ०.२२ चौरस मिलिमीटरची तार असते. तिचा रोध १०० मीटरला साधारण ८ ओहम, जाऊन-येऊन १६. ३० मीटर केबल असेल तर जवळजवळ ५ ओहम. चार सेन्सर मिळून ६० मिलिअँपिअर घेत असतील तर ०.३ व्होल्ट पडतो, हरकत नाही. पण त्याच तारांवरून भोंग्याला पुरवठा दिला आणि त्याने ३०० मिलिअँपिअर ओढले तर दीड व्होल्ट गेला. वीज गेलेली, बॅटरी उतरत आलेली, त्यात ही घट, आणि सेन्सर बंद पडून पुन्हा चालू होतो. भोंग्याची केबल वेगळी घ्या. सगळं जोडून झाल्यावर मेन्स बंद करून फक्त बॅटरीवर, शेवटच्या सेन्सरच्या स्क्रूवर मीटर लावून बघा. आणि विजेच्या मुख्य वायरीला लागून केबल लांबवर नेऊ नका.

मनीमाऊ

वायरलेसला हे काहीच लागत नाही ना?

तारवाला

वायर लागत नाही, बाकीची जागा-उंचीची पथ्यं तीच. वर दोन गोष्टी वाढतात. लोखंडी कपाटावर, पत्र्याच्या भिंतीवर किंवा मोठ्या आरशाच्या मागे लावू नका, रेडिओ सिग्नल अडतो. पॅनेलच्या सिग्नल टेस्टमध्ये, दारं बंद असताना बघा. दुसरं, बॅटरी वाचवण्यासाठी बरेच वायरलेस सेन्सर एकदा हालचाल कळवल्यावर काही मिनिटं झोपतात. साध्या मोडमध्ये चालून बघितलं तर दुसऱ्या फेरीत दिवा लागत नाही आणि लोक समजतात बिघडला. टेस्ट मोड लावा.

अनुराधा_क

बदल करून घेतले. मागच्या खोलीतली भोकं बंद केल्यापासून तिथे एकदाही उगाच वाजलं नाही. हॉलचा सेन्सर खिडकीच्या कोपऱ्यात गेला. पॅसेजचा जिन्याच्या तोंडाशी बाजूला आणला, शेवटची पायरी चढता चढता दिवा लागतो. सेन्सिटिव्हिटी मूळ सेटिंगवर परत नेली. आता वॉक टेस्ट नीट कशी करायची तेवढं सांगा.

तारवाला

ऐकून फार बरं वाटलं.

वीज दिल्यावर सेन्सरला आधी स्थिर होऊ द्या. कागदावर वेळ दिलेला असतो, बहुधा मिनिट-दोन मिनिटं. त्या काळात खोलीत कोणी नको. मग पॅनेल टेस्ट मोडमध्ये टाका, आत या आणि चोर चालेल तसे चाला. हात हलवून टेस्ट होत नाही. साध्या चालीने, मग हळू, दर वेळी दिवा विझेपर्यंत स्तब्ध उभे राहून पुढची फेरी. प्रत्येक दारातून आत या, कडेने चाला, सर्वात लांबचा कोपरा गाठा, सेन्सरच्या खालून भिंतीला लागून जा. जिथे दिवा लागतो तिथे जमिनीवर खडूने खूण करा. खोलीचा नकाशा समोर येतो आणि आंधळे तुकडे कुठे ते लगेच कळतं.

एक फेरी दिवसाच्या सगळ्यात उकाड्याच्या वेळी करा. खोली ३५ अंशांच्या पुढे गेली की माणसाची कातडी-कपडे आणि भिंत यांतला फरक अगदी कमी उरतो आणि सेन्सरचा पल्ला आखडतो. चांगल्या सेन्सरमध्ये तापमान भरपाई असते, ती स्वतःहून संवेदनशीलता वाढवते, पण आपल्या डोळ्यांनी बघितलेलं बरं.

एखाद्या जागी सगळं करूनही उगाच वाजणं थांबलं नाही तर तिथे ड्युअल सेन्सरचा विचार करा. त्यात पीआयआरसोबत मायक्रोवेव्ह असतो, बऱ्याच मॉडेलमध्ये १०.५२५ गिगाहर्ट्झचा. तो डॉपलर तत्त्वावर (जवळ येणाऱ्या किंवा लांब जाणाऱ्या वस्तूवरून परतणाऱ्या लहरींची वारंवारता बदलते) चालतो, त्यामुळे सरळ अंगावर येणारी हालचाल त्याला सगळ्यात चांगली कळते. मात्र दोघांनी मिळून 'हो' म्हटल्यावरच अलार्म जातो, म्हणजे खोटे अलार्म कमी होतात, पण पीआयआर आंधळा असेल तर मायक्रोवेव्ह एकटा काही करू शकत नाही. शिवाय मायक्रोवेव्ह काच, लाकूड, पातळ पार्टिशन ओलांडतो. त्याचा पल्ला खोलीपुरता कमी करा, नाहीतर शेजारच्या खोलीतली वर्दळ त्याला कळत राहील.

टेस्ट आटोपली की सेन्सरचा दिवा सेटिंगमधून बंद करा. घरात येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाला दिवा बघून आंधळ्या जागा शोधता येतात.

मिलिंद_ज

तुमचं वाचून वॉक टेस्ट केली. पल्स काउंट ३ वर बेडरूममध्ये कपाटापर्यंत पोचलो तरी दिवा लागला नाही. १ वर आणला, दारातच लागला. सेन्सर आधीच बरोबर कोपऱ्यात होता, त्यामुळे अजून एकदाही उगाच वाजलेला नाही. धन्यवाद.

अनुराधा_क

शेवटचं. पुढच्या महिन्यात घर रंगवतोय. सेन्सर भिंतीच्या रंगात रंगवला तर दिसायला बरा दिसेल, चालेल का?

तारवाला

लेन्सला रंगाचा थेंबही नको. ती पॉलिइथिलीनची असते म्हणून इन्फ्रारेड आत जातं, रंगाच्या थराने अडतं. बाहेरून सेन्सर ठीक दिसेल, पॅनेलही काही बोलणार नाही, आणि आत तो आंधळा असेल. रंगकाम चालू असताना सेन्सरवर प्लास्टिकची पिशवी बांधा आणि काम संपल्यावर आठवणीने काढा. लेन्सवर धूळ बसली असेल तर किंचित ओलसर मऊ कापडाने पुसा, थिनर किंवा स्पिरिट वापरू नका. रंगानंतर कपाटं, सोफे नव्या जागी लावणार असाल तर ती लावून झाल्यावर पुन्हा एकदा वॉक टेस्ट करा, आणि काही अडलं तर इथेच लिहा.